प्लांट असूनही तपोवनात फेस का येतो?

प्रश्न: तपोवनात गोदावरीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो, वासही येतो. तिथे महापालिकेचं मलनिस्सारण केंद्र आहे ना, मग पाणी शुद्ध करतात म्हणजे नक्की काय करतात? आणि घरच्यांना रामकुंडावर अंघोळीला न्यावं की नको?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: फेस दिसला की लोक म्हणतात प्लांट बंद असणार, पण चालू प्लांटमधूनही फेस येऊ शकतो. तपोवन, आगरटाकळीचे जुने प्लांट यूएएसबी पद्धतीचे, म्हणजे टाकीत सांडपाणी खालून सोडायचं, तळाशी गाळाचा जाड थर असतो, त्यातले हवेशिवाय जगणारे बॅक्टेरिया घाण खातात आणि बायोगॅस सोडतात. ब्लोअरने हवा मारावी लागत नाही म्हणून लाईटबिल कमी, ही त्याची जमेची बाजू. पण कपड्यांच्या पावडरीतलं फेस करणारं केमिकल हवेशिवाय जवळपास तुटतच नाही, ते बरंचसं तसंच बाहेर पडतं आणि तपोवनात नदी खडकांवरून उतरते तिथे ताकासारखं घुसळलं जातं, झाला फेस. नायट्रोजन-फॉस्फरसही तसेच जातात, त्यावर पाणवेली पोसते आणि खाली सायखेडा-चांदोरीकडे जाऊन अडकते. हवा देणारे प्लांट असतील तर यात खूप फरक पडतो, म्हणून जुने बदलायलाच हवेत असं मला ठाम वाटतं.

आता शुद्ध म्हणजे किती शुद्ध, तर घाण मोजायचं माप बीओडी. प्लांटमधून सोडायच्या पाण्याला पूर्वी लिटरला ३० मिलिग्रॅम चालायचं, आता १० मागतात, आणि अंघोळीच्या पाण्याला ३ च्या आत हवं. म्हणजे जुन्या नियमात पास झालेलं पाणीसुद्धा अंघोळीच्या दहापट घाण! नदी वाहती असली तर ते पातळ होतं, पण उन्हाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटत नाही तेव्हा पात्रात दुसरं पाणी असतंच किती, सगळी मदार प्लांटवर येते.

आणि जे प्लांटपर्यंत पोचतच नाही त्याचं काय? नासर्डी, वाघाडी बघा, मुळात नद्या, पण वस्त्यांचं सांडपाणी घेऊन थेट गोदावरीत येतात. बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजचं कनेक्शन पावसाळी गटारीला जोडलेलं असतं आणि ती गटार सरळ नदीला. तुमच्याकडचं तपासायला इंजिनियर लागत नाही, एप्रिलमध्ये पावसाळी गटारीचं ढापं उचलून बघा, ती कोरडी हवी. काळपट पाणी वाहत असेल, कडेला साबणाची पांढरी रेघ असेल तर कुणाचं तरी ड्रेनेज त्यात आहे, फोटो काढून महापालिकेकडे लेखी तक्रार टाका आणि पाठपुरावा करा, माझ्या मते नदीसाठी घाटावरच्या झाडलोटीपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

रामकुंडाचं म्हणाल तर ते तपोवनाच्या वर आहे, त्यामुळे तपोवनच्या प्लांटचं पाणी तिथे येत नाही, वरच्या नाल्यांचं येऊ शकतं. पाणी नितळ दिसतं यावर जाऊ नका, जंतू दिसत नसतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे रिपोर्ट वेबसाइटवर टाकतं, त्यात बीओडी ३ च्या आत, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर आणि फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० मिलिलिटरला ५०० च्या आत, फार तर २५०० पर्यंत, एवढं बघा. आकडे याच्या बाहेर असतील तर लहान मुलांना आणि अंगावर जखम असलेल्यांना पाण्यात उतरवू नका, आणि तीर्थ म्हणून ओंजळभर प्यायची सवय असेल तर ती मात्र कुणालाच नको.