लेन्स नंतर बघू

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, वाइल्डलाइफमध्ये काहीतरी करायचंय आणि मोठी लेन्स कुठली घेऊ म्हणून विचारलंयस. लेन्सचं नंतर बघू. आधी घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर टिटवी असेल तिच्याकडे बघ, मनापासून सांगतोय. ती घरटं असं बांधतच नाही, जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन तापलं की पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पोटानं अंडी गार ठेवते. आता तू फोटोसाठी तिथं अर्धा तास उभी राहिलीस तर ती वर ओरडत घिरट्या घालणार आणि खाली अंडी तापणार. फोटो भारी येईल, पण पिल्लांचं काय? आधी त्या जीवाची सोय, मग आपला फोटो, एवढं पाळशील तर बाकीचं सगळं शिकता येतं.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पण हेच. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ कालव्यांना पाणी द्यायला इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, मागं गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले, 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. माणसानं शेतीसाठी केलेल्या कामात पक्ष्यांनी आपली जागा करून घेतली, मला हे फार मोलाचं वाटतं. हिवाळ्यात पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात आणि कुणीतरी उडतानाचा शॉट पाहिजे म्हणून टाळ्या वाजवून अख्खा थवा उठवतं, तेव्हा खरंच चीड येते. तू तिथं असलीस तर टोक त्यांना, नीट बोलून पण टोकच.

आणि बिबट्या. निफाड-सिन्नरकडं मादी उसात पिल्लं देते, तोडणीत ती सापडतात, मग सगळे उचलून सेल्फी काढतात. हात लावायचा नाही, वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करायचा, वनखात्याची माणसं पिल्लं सापडली त्याच जागी ठेवतात आणि बऱ्याचदा आई रात्री येऊन घेऊन जाते. पण एक ऐक, शेतपंपाला रात्रीची लाइट आहे म्हणून अंधारात पाणी भरायला जाणारा शेतकरी बिबट्याला घाबरतो तर त्याला अडाणी म्हणू नकोस. जंगलाबाहेरचा बिबट्या त्याच्याच शेतात राहतोय, आपल्या फ्लॅटमध्ये नाही. त्याच्या ओट्यावर बस, त्याचं ऐक, तो नको म्हणाला तर संवर्धन कागदावरच राहील.

डिसेंबरात एखाद्या रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरच्या चापडगावला जाऊ. भडक कपडे नको, फोन सायलेंट, एक वही आण, त्यात तारीख, वेळ आणि पक्षी नेमकं काय करत होता ते लिहायचं. दुर्बीण माझी वापर.

तुझा,
काका