ती कोणत्या जागेवर खेळते?

पत्र : माझी मुलगी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, विज्ञान शाखेत शिकते. दहावीला तिला ९१ टक्के मिळाले, मात्र गणितात ७८च गुण आहेत. सहावीपासून ती फुटबॉल खेळते. रोज पहाटे मीच तिला दुचाकीवरून मैदानावर सोडतो. गेल्या वर्षी ती शालेय स्पर्धेत जिल्ह्याच्या संघात होती. आता एका प्रशिक्षकांनी काठमांडूच्या ‘दक्षिण आशियाई आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धे’साठी तिची निवड झाल्याचे कळवले असून प्रवास, गणवेश आणि प्रमाणपत्र यांसाठी ४८,००० रुपये मागितले आहेत. या प्रमाणपत्रावर क्रीडा कोट्यातून इंजिनिअरिंगची जागा नक्की मिळते, असे ते म्हणतात. जागा मिळाली की खेळ बंद करायचा, हे आमचे ठरले आहे. पैसे भरावेत का? कोल्हापूरकडून नाव नोंदवल्यास चांगली जागा मिळण्यास मदत होईल का?
— एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

पैशांच्या प्रश्नाचे उत्तर दोन शब्दांचे आहे, ते आधी देतो : भरू नका. मात्र आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, त्याचे कारण वेगळे आहे. आपण मुलीचे टक्के कळवलेत, गणितातल्या ७८ गुणांना ‘च’ जोडून आपली खंतही कळवलीत, प्रशिक्षकांनी मागितलेली रक्कम कळवलीत. पण पाच-सहा वर्षे मैदानावर जाणारी ही मुलगी बचावफळीत खेळते, मधल्या फळीत खेळते, आघाडीला असते की गोल राखते, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. ‘जागा’ हा शब्द आपण तीन वेळा लिहिला आहे आणि तिन्ही वेळा ती कॉलेजातली जागा आहे.

मुलींचा खेळ बंद करणारे पालक मला नवीन नाहीत. त्यांतले बहुतेक जण ती वयात आल्यावर, लोक काय म्हणतील या धाकाने तिला घरात बसवतात, आणि त्यांच्याशी वाद कसा घालायचा हे मला ठाऊक आहे. आपली गोष्ट अधिक अवघड आहे, कारण आपण तिला खेळू देता, इतरांची झोप मोडायच्या आत तिला गाडीवर बसवून मैदानावर नेता, आणि तरीही तो खेळ आपल्या हिशेबात एक प्रमाणपत्र एवढाच आहे, जे हाती आले की मैदानाचे काम संपते. हे आपण तिला सांगितले आहे का? ‘आमचे ठरले आहे’ यातल्या ‘आमचे’मध्ये तीही धरलेली आहे, की ठरवणारे आपण दोघे पती-पत्नी आहात? आणखी एक विचारतो, राग मानू नये. आपण तिला मैदानावर सोडता. तिचा एखादा सामना शेवटपर्यंत थांबून पाहिला आहे का? पाहिला असता तर ती कोणत्या जागेवर खेळते हे मला विचारावे लागले नसते.

आता त्या स्पर्धेविषयी, कारण या बाबतीत आपला झालेला गैरसमज सीमाभागात अनेक घरांत आहे. दक्षिण आशियाई देशांच्या महिला संघांची खरी अजिंक्यपद स्पर्धा ‘सॅफ’ म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ भरवतो. ती २०१० मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे सुरू झाली. पहिल्या पाचही स्पर्धा भारताने जिंकल्या. पाचवी २०१९ मध्ये नेपाळमधील विराटनगर येथे झाली. त्यानंतर २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी काठमांडूत बांगलादेशच्या मुलींनी यजमान नेपाळला हरवून विजेतेपद नेले आणि भारत दोन्ही वेळा उपांत्य फेरीत नेपाळकडूनच बाद झाला. या स्पर्धेत देशाचा संघ उतरतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ तो निवडतो, त्याचे सराव शिबिर घेतो आणि खर्चही करतो. भारताच्या संघात खेळण्यासाठी खेळाडूकडून एक रुपयाही घेतला जात नाही. मुलींच्या वयोगटांच्या सॅफ स्पर्धांनाही हाच नियम लागू आहे. काठमांडू हे नाव खऱ्या स्पर्धेशी जोडलेले असल्यामुळे त्या नावाचा उपयोग करणे सोपे जाते, आणि नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नसल्यामुळे तिथे मुले नेणेही सोपे जाते. मग पैसे भरून गेलेले दोन-चार संघ एकमेकांशी खेळतात, पदके वाटली जातात आणि प्रमाणपत्रावर ‘आंतरराष्ट्रीय’ असे मोठ्या अक्षरांत छापले जाते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अशी दोन सुवर्णपदके टेबलावर ठेवली होती. अंतिम सामना कोणाशी झाला, असे विचारल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘सर, शेजारच्याच जिल्ह्यातली पोरं होती.’ क्रीडा कोट्यात मान्यताप्राप्त संघटनांच्या आणि अधिकृत शालेय स्पर्धाच धरल्या जातात, प्रमाणपत्राची छाननी होते, आणि त्या मुलाची पदके त्या छाननीत टिकली नाहीत. त्या प्रशिक्षकांना एवढेच विचारा की अखिल भारतीय महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत मुलीची नोंद कोणत्या क्लबकडून आहे आणि निवडीचे पत्र महासंघाने दिले आहे का.

कोल्हापूरचा विचारही सोडून द्यावा. तिथल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना लोटणारी गर्दी पाहून बेळगावकराला हेवा वाटतो, हे मी अनुभवाने सांगतो. परंतु खेळाडूची नोंदणी क्लबमार्फत राज्य संघटनेकडे होते, आणि शालेय स्पर्धेत तर कॉलेज ज्या राज्यातले त्याच राज्याचा संघ मिळतो. भाषेने आपण कोठलेही असलो तरी फुटबॉलमध्ये आपली मुलगी आज कर्नाटकाची खेळाडू आहे. प्रवेशाचा मार्ग मात्र दोन्हीकडे खुला आहे : कर्नाटकाची सीईटी आपल्याला ठाऊक आहेच, आणि महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. दहावीला ९१ टक्के मिळवणाऱ्या मुलीला गणितासाठी वर्षभर चांगली शिकवणी लावली, तर त्या ४८,००० रुपयांचा अधिक चांगला उपयोग होईल. अर्थात, तिला इंजिनिअर व्हायचे असेल तर. हेही आपल्या पत्रात नाही.

खेळच करिअर म्हणून घ्यावा, असे मी सुचवत नाही. भारतात महिला फुटबॉलवर घर चालवणाऱ्या खेळाडू अजून फार थोड्या आहेत. तरीही चित्र आपण समजता तेवढे रिकामे नाही. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या संघाने थायलंडला त्यांच्याच चियांग माई शहरात २-१ असे हरवून पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळली जाते, आणि तिच्यात रेल्वेचाही संघ असतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकाच्या डी परवान्याचा अभ्यासक्रम करता येतो. पंच होण्याचीही वाट आहे : आपल्या घाटाखालच्या गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकात सहायक पंच होत्या. फिजिओथेरपीचे शिक्षण तर बेळगावातच मिळते, आणि गुडघा दुखावलेल्या खेळाडूला काय होते हे मैदानावर राहिलेल्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही.

बांगलादेशच्या ज्या मुलींनी आपल्याला मागे टाकले, त्यांच्यातल्या अनेक जणी कलसिंदूर नावाच्या एका खेड्यातून, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या संघातून पुढे आल्या. तेही मेघालयाला लागून असलेले सीमेवरचेच गाव आहे. त्या शाळेने मुलींना खेळवले तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर कोटा नव्हता.

आपण करायचे एवढेच की प्रशिक्षकांना नकार कळवावा, यंदाच्या पीयूसी विभागाच्या क्रीडा स्पर्धांत तिला उतरू द्यावे, जिल्हा संघटनेशी संलग्न क्लबमध्ये तिची रीतसर नोंदणी झाली आहे का ते पाहावे, आणि खेळ बंद करण्याचा निर्णय तिच्याशी बोलेपर्यंत बाजूला ठेवावा. मला पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. गुणपत्रिका जोडण्याची गरज नाही. ती कोणत्या जागेवर खेळते, आणि ती जागा तिने मागून घेतली की संघात कोणी नव्हते म्हणून तिच्याकडे आली, एवढे तिने कळवले तरी मला पुढे लिहिता येईल.