भावाला वाचून दाखवलेलं मोजायचं का?

ताई,
मी दहावीत आहे आणि मला वाचनाचं भयंकर वेड आहे. या वर्षी ५० पुस्तकं वाचायची असं जानेवारीत ठरवलं होतं, त्यातली ४३ झाली. प्रत्येकाची नोंद वहीत आहे: तारीख, पानं, पाचपैकी किती तारे. आता आईने बजावलंय की बोर्डाची परीक्षा होईपर्यंत अवांतर वाचन बंद. मार्क चांगले असूनही तिला वाटतं मी अभ्यास टाळते. आकडा गाठायचा म्हणून हल्ली मी मुद्दाम बारीक पुस्तकंच निवडते. परवा 'बनगरवाडी' एका दुपारीत झालं, 'श्यामची आई' एका रविवारी संपेल. त्यात धाकटा भाऊ रोज रात्री माझं जुनं 'फास्टर फेणे' वाचून दाखव म्हणून मागे लागतो. ते मला जवळजवळ पाठ आहे, ते काही मोजता येत नाही, म्हणून मी त्याला टाळते. वर्गात बाईंनी आवडतं पुस्तक विचारलं तर मला एक असं सांगताच आलं नाही, इतकी वाचलीत! आईला कसं पटवू?
– एक पुस्तकवेडी

पुस्तकवेडे,

तुझं पत्र वाचून कुणीही हळहळेल. हल्ली कोण वाचतंय, आणि जी वाचतेय तिला घरातूनच आडकाठी! मी मात्र हळहळणार नाही. तू ज्या वाक्यावरून भर्रकन पुढे निघून गेलीस, तिथे मी अडकून बसले आहे. 'ते काही मोजता येत नाही, म्हणून मी त्याला टाळते.'

अगं, एकदा वाचलेलं परत वाचलं तर ते वाचन धरायचं नाही, हा नियम कुणी केला? तूच केलास, आणि आता धाकट्या भावाला त्याची शिक्षा भोगायला लावते आहेस. त्याला आकड्याचं काही पडलेलं नाही. त्याला बन्या, म्हणजे तो फास्टर फेणे, पुन्हा संकटात सापडायला हवा आहे आणि पुन्हा सुटायला हवा आहे, आणि सुटणार हे माहीत असूनही त्याचा जीव टांगणीला लागायला हवा आहे. वाचनाचं वेड याला म्हणतात. तुझ्या घरात ते सध्या एकालाच आहे.

पूर्वी तुलाही होतं. पाठ झालंय म्हणतेस ना? ते काय एका बैठकीत झालं? आजारी पडल्यावर, सुट्टीत, जेवताना, कंटाळा आला म्हणून, दुसरं काही हाताशी नाही म्हणून, अशा किती वेळा भा. रा. भागवतांची ती पानं उलटली असशील. तेव्हा वही नव्हती. बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्रात पडलेलं आहे आणि तुला ते दिसलं नाही, कारण यंदाच्या यादीत ते नाही. की 'फास्टर फेणे' म्हणायची लाज वाटली? दहावीतल्या मुलीने काहीतरी भारदस्त नाव घ्यावं, असं वाटलं असेल तर तसं सांग. त्यात नवल काही नाही, पण मग 'इतकी वाचलीत' म्हणून सांगता आलं नाही अशी मखलाशी करू नकोस.

४३ पुस्तकांचं तू जे केलंस त्याला मी हजेरी घेणं म्हणेन. नाव पुकारलं, 'हजर' ऐकलं, खूण केली, पुढचं नाव. त्या 'बनगरवाडी'चंच बघ. १९५५ सालची ही कादंबरी बारीक आहे म्हणून तू निवडलीस. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, हळूहळू तिथलाच होतो, आणि पुढे पाऊस दगा देतो तेव्हा तीच वस्ती त्याच्या डोळ्यांदेखत रिकामी होत जाते. व्यंकटेश माडगूळकर कुठेही गळा काढत नाहीत. दोन ओळींत माणूस उभा करतात आणि बाजूला होतात. जाड पुस्तकात लेखक हाताला धरून चालवतो, इथे न सांगितलेलं आपलं आपण भरून घ्यायचं असतं आणि त्यालाच वेळ लागतो. दुपारच्या जेवणानंतर सुरू करून चहाच्या आत आटोपलं, तर हाती काय लागणार? मास्तर आला, मास्तर गेला. तारे किती दिलेस ते मला सांगू नकोस. त्या वस्तीवरच्या एका तरी माणसाचं नाव वही न उघडता सांगता येतंय का, ते स्वतःशीच बघ.

आणि 'श्यामची आई' रविवारी 'संपेल' म्हणे! साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं, हे खरं. पण त्याची मांडणी बघ. त्यात प्रकरणं नाहीत, ४२ रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना एका रात्री एक आठवण सांगतो आणि थांबतो. पुढची ऐकायची तर दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबायचं. मित्र दिवसभर ती आठवण मनात घोळवत असणार, हे त्यात धरलेलंच आहे. त्या ४२ रात्री तू एका रविवारी सलग रडून काढणार आणि सोमवारी कोरडी ठणठणीत होऊन ४५ नंबर शोधणार. नको वाचूस. खरंच सांगते, या वर्षी नको वाचूस.

तुझ्यासाठी माझ्याकडे एकच काम आहे. आज रात्री ते जुनं 'फास्टर फेणे' काढ, भावाला शेजारी घे आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाच. मनातल्या मनात वाचताना तुझे डोळे उड्या मारायला शिकलेत. वर्णन आलं की अर्धा परिच्छेद गाळायचा, संवाद आला की थांबायचं. मोठ्याने वाचताना हे जमत नाही, आणि शेजारी गोष्ट पाठ असलेला श्रोता असला तर मुळीच जमत नाही. एक ओळ गाळलीस तरी तो पकडेल. बन्याचा 'ट्टॉक' आला की तो नुसता वाचून चालायचं नाही, जीभ टाळ्याला लावून तो वाजवावा लागेल, आणि 'नीट कर, परत कर' अशी आज्ञा होईल. मधेच तो विचारेल की बन्या तिथे गेलाच कशाला, आणि इतक्या वेळा वाचूनही तुला हे कधी पडलेलं नव्हतं असं लक्षात येईल. मग तुम्ही दोघं मागची पानं उलटाल. हे करायला लागतील तितक्या रात्री लागू देत.

वहीत याची नोंद करायची नाही. तारीख नाही, पानं नाहीत, तारे तर नाहीतच. वही फाडून टाक असं मी म्हणत नाही, तसली नाटकं नकोत. फक्त ५० चा नाद सोड. आकडा गाठायचा म्हणून मुद्दाम बारीक पुस्तकं निवडते, हे वाक्य तू लिहिलंस तेव्हा तुला हसू कसं आलं नाही?

आईचं म्हणशील, तर ती बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण दहावीतल्या मुलीने कादंबरीसाठी दोन तास मागणं वेगळं आणि धाकट्याला झोपवताना अर्धा तास मागणं वेगळं. या दुसऱ्या मागणीला ती नाही म्हणणार नाही. एवढं राजकारण तुला जमायला हरकत नसावी.

पुन्हा पत्र लिहिलंस तर त्यात आकडा घालू नकोस. भावाने तुला कुठल्या पानावर अडवलं आणि काय विचारलं, तेवढं लिही.

– ताई