मॅट्रिक्स म्हणजे नुसतं भरण नाही: पेशींचे जोड आणि जीन दोन्ही त्याच्यावर कसे हलतात

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मॅमरी (दूध बनवणाऱ्या) ग्रंथीच्या पेशी प्लॅस्टिकच्या डिशमध्ये वाढतात झकास, पण स्टेन केल्यावर (रंगवून बघितल्यावर) शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रोटीनची रेघ तुटक आणि फिकी येते, आणि प्रोलॅक्टिन हे दूध बनवायला सांगणारं हार्मोन घालूनसुद्धा केसीन या दुधातल्या प्रोटीनचा जीन काय चालू होत नाही. वर पुस्तकात मॅट्रिक्स म्हणजे दोन पेशींमधलं भरण एवढंच लिहिलंय, मग त्याचा जीनशी संबंध काय? भावा, संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे.

पेशीच्या पडद्यात इंटिग्रिन (मॅट्रिक्सला धरणारी प्रोटीन) असतात, १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांच्या जुळणीतून आपल्या शरीरात २४ प्रकार होतात. बाहेरच्या बाजूनं ते मॅट्रिक्समधली लॅमिनिन, कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन ही प्रोटीन धरतात, आत टॅलिन नावाच्या प्रोटीनमधून पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांना बांधलेले असतात, आणि मायोसिन त्या दोऱ्या सतत ओढत असतं. म्हणजे पेशी खालची जमीन ओढून बघते. तालमीतल्या हौद्यात माती मऊ फुगवलेली असली की पायाचा जोर मातीतच जातो आणि टणक जमिनीवर तोच जोर अंगात परत येतो, तसलाच प्रकार. जमीन कडक असली की टॅलिन ताणून उलगडतं, त्यावर व्हिन्क्युलिन हे पकड पक्की करणारं प्रोटीन येऊन बसतं, एफएके (FAK) आणि एसआरसी (Src) हे सिग्नल पुढं नेणारे एन्झाइम जागे होतात.

आता जोडांकडं ये. ई-कॅडहेरिन शेजारच्या पेशीला धरतं आणि आत बीटा-कॅटेनिन, अल्फा-कॅटेनिनमधून त्याच अ‍ॅक्टिनला बांधलेलं असतं. त्याच! म्हणून खालची पकड फार वाढली, एसआरसी फार चढलं की बऱ्याच एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींत शेजारची पकड सैल पडते, पेशी पसरतात. पण ‘ताण आला की जोड तुटतो’ असं सरसकट परीक्षेत लिहू नको, बेताचा ताण उलट जोड पक्का करतो, कारण अल्फा-कॅटेनिनही ओढल्यावर उघडतं आणि तिथंही व्हिन्क्युलिन बसतं.

जीनपर्यंत जायला वाटा बऱ्याच. एक म्हणजे वायएपी (YAP) आणि टीएझेड (TAZ), कडक जमिनीवर पसरलेल्या पेशीत ही प्रोटीन केंद्रकात जातात आणि टीईएडी (TEAD) या डीएनएवर बसणाऱ्या प्रोटीनला धरून जीन चालू करतात, मऊ जमिनीवर बहुतेक बाहेरच राहतात. हे २०११ मध्ये इटलीतल्या स्टेफानो पिकोलो यांच्या ग्रुपनं दाखवलं. दुसरी वाट थेट ओढण्याची, अ‍ॅक्टिनपासून केंद्रकाच्या पडद्यातली नेस्प्रिन, सन प्रोटीन आणि त्याच्या आतल्या अस्तरातल्या लॅमिनपर्यंत (हे लॅमिनिन नव्हे), म्हणजे केंद्रकाचं कवचच ताणलं जातं. आणि जोड सुटल्यावर मोकळं झालेलं बीटा-कॅटेनिन लगेच केंद्रकात पळतं असं लोक बिनधास्त लिहितात, पण डब्ल्यूएनटी (Wnt) या बाहेरून येणाऱ्या प्रोटीनचा सिग्नल नसेल तर ते बहुतेक वेळा नष्टच केलं जातं.

तुझ्या केसीनबद्दल तर स्तनपेशींवर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ मिना बिसेल यांचं काम वाचच. १९८२ मध्येच त्यांनी मांडलं की मॅट्रिक्स आणि केंद्रक एकमेकांना सतत घडवत असतात. पुढं १९९१ मध्ये त्यांच्याच ग्रुपमधून आलं ते मला सगळ्यात भारी वाटतं: एकेकटी पेशी, शेजारीण नाही, वर-खाली अशी ध्रुवीय रचना नाही, पण बेसमेंट मेम्ब्रेनच्या (पेशींखालच्या लॅमिनिनवाल्या मॅट्रिक्सच्या) जेलमध्ये बसवली तर बीटा-केसीन बनवते, आणि बीटा-१ इंटिग्रिन अँटीबॉडीनं अडवलं की बंद. म्हणजे केसीनसाठी जोड नसला तरी चालेल, लॅमिनिनची पकड पाहिजे, कारण तिच्याशिवाय प्रोलॅक्टिनचा स्टॅट-५ (STAT5, जीन चालू करणारं प्रोटीन) सिग्नल टिकत नाही. तुझ्या डिशमध्ये जोड बिघडलाय म्हणून जीन बंद आहे असं नाही, दोन्ही एकाच कारणानं बिघडलेत असा माझा अंदाज.

हे फक्त डिशपुरतं नाही हं. सुपारी-गुटखा खाऊन तोंड उघडत नाही अशी माणसं आपल्याकडं बघितलीच असशील, २०१२ ला महाराष्ट्रात गुटखाबंदी येऊनही. सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजेन बनवायला लावतं आणि सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला जोर देतं, ते कोलॅजेनच्या धाग्यांना आडवे टाके घालतं, गाल आतून टणक होतो. कॅन्सरचा धोका तिथं वाढतो हे पक्कं, पण एकट्या कडकपणामुळं असं म्हणू नको, सुपारीतल्या रसायनांचा थेट मारही असतोच.

आता करायचं काय. आधी साधं बघ, मीडियात कॅल्शियम पुरेसं आहे का, कॅडहेरिन त्याच्याशिवाय धरतच नाही, आणि पेशी डिशवरून सोडवायला ट्रिप्सिन-ईडीटीए मारल्यावर लगेच स्टेन करू नको, ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं आणि कॅल्शियम नसताना ट्रिप्सिन ई-कॅडहेरिन कापून टाकतं. मग लॅमिनिनवाला जेल वापर. प्लॅस्टिकवर कोलॅजेनचा पातळ हात मारून ‘मॅट्रिक्स दिलं’ म्हणणारे खूप आहेत, त्यानं धरायला रेणू मिळतो खरा पण खाली जमीन प्लॅस्टिकचीच कडक राहते. मॅट्रिजेल हा असा तयार जेल महाग आहे, बर्फावरच हाताळ, पिपेट टिपासुद्धा गार करून ठेव, कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये बाकावर ठेवलास तर उबेनं नळीतच घट्ट होणार. पैसे नसतील तर पॉलीअ‍ॅक्रिलामाइडचे मऊ आणि कडक जेल स्वतः ओत, दोन्हीवर सारखंच लॅमिनिन लाव आणि वायएपी स्टेन कर, पण पेशींची दाटी दोन्हीकडं सारखी ठेव, कारण गर्दी झाली की वायएपी तसंही केंद्रकाबाहेर जातं आणि मग काय कशामुळं झालं तेच कळत नाही.