आराखडा रद्द, मग जमीन विकणार का?

प्रश्न : ताई, मी डेन्व्हरला राहते. उन्हाळ्यात आम्ही पूर्व मोंटानात फिरून आलो. तिथल्या सरकारी जमिनीच्या वापराचा आराखडा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, रद्द केल्याचं नंतर वाचलं. आता ती जमीन विकणार का? आणि आराखडा काय, पुन्हा करता येईलच की! – एक वाचक

उत्तर : नाही, जमीन सरकारचीच राहते. पूर्व मोंटानातल्या माइल्स सिटी विभागाचा नोव्हेंबर २०२४चा आराखडा गेला आणि आधीच्या तरतुदी परत लागू झाल्या. नव्या आराखड्याने कोळशाचे नवे पट्टे (खाणीसाठी जमिनीचे भाडेकरार) देणं थांबवलं होतं, ती बंदी उठली. उत्तर डाकोटा आणि अलास्कातल्या सेंट्रल युकॉनचे आराखडेही २०२५मध्ये असेच गेले.

खरा घोर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. १९९६च्या काँग्रेशनल रिव्ह्यू अ‍ॅक्टखाली काँग्रेस सरकारी खात्याचा नियम ठरावाने रद्द करू शकते; हे आराखडे तसेच गेले. असा एखादा नियम रद्द झाला, की काँग्रेसने नवा कायदा केल्याशिवाय ‘बहुतांशी तसाच’ नियम पुन्हा आणता येत नाही. बहुतांशी म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलं नाही. शिवाय सिनेटमध्ये एरवी लागणारी ६० मतं इथे लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. २०२५पर्यंत हे हत्यार जमिनीच्या एकाही आराखड्यावर चाललं नव्हतं. या कायद्याप्रमाणे नियम लागू होण्याआधी काँग्रेसकडे पाठवावा लागतो. पण हे आराखडे ‘नियम’ आहेत असं जमीन खातं सहसा धरत नसे, म्हणून ते पाठवलेही जात नसत. मग आजवर न पाठवलेल्या आराखड्यांच्या आधारे दिलेले चराईचे परवाने, तेलाचे पट्टे पक्के की कच्चे? कायद्याचे जाणकार हा प्रश्न विचारताहेत, आणि तो मला फार गंभीर वाटतो.

मी बारा वर्षं अमेरिकेच्या पश्चिमेतल्या सरकारी जमिनीच्या एका कार्यालयात नकाशे काढले. एका बैठकीत एक म्हातारे पशुपालक टेबलावर वाकून कितीतरी वेळ नकाशा बघत होते. मग एका ओढ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा ऑगस्टमध्ये आटतो. गुरं वरच्या झऱ्यावर जातात. तो झरा कुठाय?” झरा नकाशात नव्हता. मी तिथेच पेन्सिलीने गोल काढला आणि पुढच्या मसुद्यात तो शाईने आला. १९७६च्या जमीन कायद्याने लोकांचा सहभाग सक्तीचा केला तो याचसाठी. अशा शेकडो गोलांना वर्षं लागतात. ठराव मात्र सगळा आराखडा एका मतदानात घालवतो. एखादं कलम तेवढं वगळायची सोय त्यात नाही.

कोळशावर ज्यांचं घर चालतं त्यांची तक्रार खोटी नाही, हेही सांगते. पण त्यासाठी वाट आहे. अंतिम मसुद्यावर ३० दिवस हरकती घेता येतात, राज्यपालांना तो तपासायला ६० दिवस मिळतात, आणि नंतरही आराखडा रीतसर दुरुस्त करता येतो. त्या वाटेवर झऱ्याचा गोल तरी पुसला जात नाही.

तुम्ही डेन्व्हरच्या मतदार असाल, तर असा ठराव यायच्या आधीच तुमच्या दोन्ही सिनेटरांना पत्र पाठवा. हे ठराव झटपट मताला येतात, चर्चेला जास्तीत जास्त दहा तास असतात. पत्रात तुम्ही पाहिलेली एखादी जागा नावानिशी लिहा.