आधी कॉर्सेट, मग मारी आंत्वानेत

तुझा प्रश्न दोनदा वाचला. १८९७ साली लंडनच्या डेव्हनशर हाऊसमध्ये झालेल्या फॅन्सी ड्रेस बॉलवर (म्हणजे वेष घेऊन यायच्या नाचाच्या मेजवानीवर) तुमचा ग्रुप एकांकिका बसवतोय, फोटो बघून झालेत, आणि तुला कळायला हवंय की ते कपडे खरंच त्या त्या काळासारखे होते का, कोणी शिवले, आणि त्यातला मारी आंत्वानेतचा, म्हणजे फ्रान्सच्या अठराव्या शतकातल्या राणीचा, एक पोशाख करायचा झाला तर सुरुवात कुठून करायची. मी गेली बावीस वर्षं नाटकांचे कपडे शिवतेय आणि या एका बॉलच्या फोटोंवर माझा फार जीव आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

आधी उत्तर सांगून टाकते. ते कपडे वरून इतिहासातले आहेत पण आतून पक्के १८९७ चे आहेत, आणि तुला शिवायचा आहे तो १८९७ मधल्या बाईने घातलेला मारी आंत्वानेतचा पोशाख, खऱ्या मारी आंत्वानेतचा नाही. हे दोन वेगळे कपडे आहेत. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं बेतणं चुकतं.

आता प्रसंग काय होता ते. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून १८९७ च्या जूनमध्ये डायमंड ज्युबिली झाली आणि त्याच धामधुमीत २ जुलैच्या रात्री डेव्हनशरच्या ड्यूक आणि डचेसने पिकॅडिलीतल्या आपल्या वाड्यात हा बॉल दिला. पाहुणे साधारण सातशे. अट अशी की पोशाख ऐतिहासिक किंवा रूपकात्मकच हवा, आणि इतिहास म्हणजे फार तर नेपोलियनच्या काळापर्यंतचा, म्हणजे आजीच्या पेटीतला जुना ड्रेस काढून घालून आलात तर चालणार नाही. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, माल्टाच्या सरदारांचा ग्रँड मास्टर होऊन आला, त्याची बायको प्रिन्सेस अलेक्झांड्रा सोळाव्या शतकातली राणी मार्गरीत द व्हाल्वा झाली, लेडी रँडॉल्फ चर्चिल (विन्स्टन चर्चिलची आई) बायझंटियमची सम्राज्ञी थिओडोरा. क्लिओपात्रा तर एकीपेक्षा जास्त होत्या. पाहुणे नुसते आपापले येऊन उभे राहिले असं नाही, त्यांचे दरबार ठरवलेले होते, एलिझाबेथचा दरबार, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा, रशियाच्या कॅथरीनचा, आणि हे दरबार मिरवणुकीने यजमानांसमोरून गेले. त्यामुळे कोण कोणाच्या दरबारात उभं राहणार यातही मानपान आलाच.

घरचा ड्यूक स्वतः टिशनच्या चित्रांवरून बेतलेला सम्राट पाचवा चार्ल्स झाला होता आणि त्याच्या गळ्यातली गोल्डन फ्लीसची (युरोपातल्या एका मानाच्या सरदारी किताबाची) माळ खरी होती, प्रिन्स ऑफ वेल्सने त्या रात्रीपुरती दिलेली. म्हणजे दागिने खरे, घराणी खरी, फक्त शतक उसनं.

डचेस लुईझ झाली होती झेनोबिया, सिरियातल्या पाल्मिराची तिसऱ्या शतकातली राणी. हा पोशाख आजही डेव्हनशर घराण्याच्या चॅट्सवर्थ या वाड्यात जपून ठेवलाय, आणि त्याचे चांगले रंगीत फोटो मिळतात ते शोधून झूम करून बघच. डिझाइन अत्तिलिओ कोमेल्ली नावाच्या रंगभूमीवरच्या माणसाचं आणि शिवला पॅरिसच्या वर्थ या नामांकित फॅशनच्या पेढीने. सोनेरी गॉजचा (पातळ जाळीदार कापडाचा) घागरा, त्यावर मोरपिसांची नक्षी, आणि ती मोरपिसं कशाची तर चकचकीत रंगीत पत्रा, तार आणि कडेने टिकल्या. मागे हिरव्या मखमलीची लांब झूल, तिच्यावर जरीकाम आणि खडे. मी पहिल्यांदा हे जवळून बघितलं तेव्हा हातच थांबला कारण हे काम आपल्याला ओळखीचं आहे, आपल्या जरदोसीवाल्या कारागिराला दाखवलं तर तो लगेच सांगेल कुठे तार घातली, कुठे पत्रा कापून बसवलाय. पण या पोशाखाचा तिसऱ्या शतकातल्या सिरियाशी संबंध फार थोडा. तिथल्या बायकांचे कपडे सैल, खांद्यावरून सोडलेले, अंगाभोवती घेतलेले, आणि डचेसच्या फोटोत काय दिसतं? आवळलेली कंबर, घट्ट बसवलेली चोळी, कमरेपासून उघडणारा घागरा. म्हणजे शतकं बदलली तरी खालचा साचा तोच.

तू मागितलेलं मर्म ते हेच. १८९७ ची कुठलीही घरंदाज बाई कॉर्सेटशिवाय लोकांसमोर आली नसती, मग ती क्लिओपात्रा होवो नाहीतर एलिझाबेथ. त्या वेळचं कॉर्सेट म्हणजे पुढून स्टीलच्या पट्टीने बंद होणारं आणि मागून दोऱ्यांनी आवळलेलं, कंबर एकदम बारीक आणि वर-खाली गोलाई. मारी आंत्वानेतच्या काळातलं आतलं वस्त्र याच्या उलट होतं, समोरून सपाट, खाली निमुळतं होत जाणारं, छाती वर उचललेली आणि खांदे मागे ओढलेले, आणि घागरा दोन्ही बाजूंना पसरवणारी पॅनियर कमरेला बांधलेली. १८९७ च्या फोटोत बऱ्याच जणींनी पॅनियर जवळपास सोडूनच दिलंय किंवा नावापुरतं ठेवलंय, घागरा पोटावर गुळगुळीत बसतो आणि घेर मागे जातो, जो त्या वर्षीच्या फॅशनचाच घेर आहे. केस बघ. पांढरा पावडरचा टोप असला तरी कपाळावर कुरळी बट दिसतेच, अलेक्झांड्रामुळे ती बट सगळ्या देशात चालली होती आणि तिने स्वतः सोळाव्या शतकातली राणी होतानाही ती सोडली नाही. पुरुषांच्या मिशा तर विचारूच नको. अठराव्या शतकातला युरोपियन सरदार गुळगुळीत दाढीमिशी केलेला असायचा, आणि इथे पावडरच्या टोपाखाली झकास मिशा, कारण त्यातले किती तरी लष्करातले आणि ब्रिटिश लष्करात तेव्हा वरचा ओठ भादरायला नियमानेच बंदी होती.

हे अज्ञानातून झालं असं मात्र समजू नकोस, मला ते म्हणणं अजिबात पटत नाही. त्यांच्या घरात भिंतीवर व्हॅन डाइक आणि गेन्सबरो या जुन्या चित्रकारांची चित्रं टांगलेली होती, हवं ते चित्र समोर ठेवून कॉपी करता येत होतं. आणि ही सवय जुनी. १२ मे १८४२ ला राणी व्हिक्टोरियाने स्वतः बकिंगहॅम पॅलेसमध्ये चौदाव्या शतकाचा बॉल दिला, ती झाली राणी फिलिपा आणि आल्बर्ट तिसरा एडवर्ड, सल्ल्याला प्लांशे नावाचा पोशाखांचा खरा जाणकार होता आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या फिलिपाच्या समाधीवरच्या मूर्तीवरून पोशाख बेतला. इतकी मेहनत. आणि चित्रकार लँडसीअरने काढलेलं दोघांचं चित्र बघ, राणीची कंबर १८४२ ची, घेर १८४२ चा, खांद्याचा उतार १८४२ चा. समाधीवरची मूर्ती काही कॉर्सेट घालून झोपलेली नाहीये! चांगलं दिसणं म्हणजे काय हे ज्या डोळ्याने ठरतं तो डोळा आपल्याच काळाचा असतो, म्हणून हे होतं, आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांमध्ये पेशवाईतल्या बायकांचे ब्लाउज बघ आणि भुवया बघ म्हणजे पटेल.

१८४२ च्या बॉलमागे एक कारण सांगितलं जायचं ते तुमच्या एकांकिकेसाठी महत्त्वाचं आहे. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधले रेशमाचे विणकर हलाखीत होते, त्यांना काम मिळावं म्हणून हा थाट. म्हणजे आम्ही खर्च करतो म्हणून गरिबाच्या घरी चूल पेटते. हा मुद्दा पुढे पन्नास वर्षं प्रत्येक बॉलच्या वेळी निघाला. १८९७ ची मारी आंत्वानेत कोण होती माहितीये ना? डेझी, वॉरिकची काउंटेस. आणि ती त्या वेषात पहिल्यांदा आली नव्हती. १८९५ च्या फेब्रुवारीत तिने स्वतःच्या वॉरिक कॅसलमध्ये पावडर बॉल दिला होता, पंधराव्या-सोळाव्या लुईच्या काळातला, आणि त्यातही ती मारी आंत्वानेतच होती. बाहेर कडाक्याची थंडी आणि बेकारी. क्लॅरियन नावाच्या समाजवादी पेपरने तिच्यावर सडकून टीका केली. ही बाई तो पेपर घेऊन तडक लंडनला गेली, संपादक रॉबर्ट ब्लॅचफर्डसमोर जाऊन उभी राहिली आणि जाब विचारला की माझ्यामुळे इतक्या शिवणाऱ्या बायकांना काम मिळालं ते तुम्हाला दिसत नाही का. त्याने तिला समजावलं की चैनीच्या वस्तूवर घातलेले श्रम देशाच्या कामी येत नाहीत, त्याच हातांनी लोकांना लागणाऱ्या वस्तू केल्या असत्या तर अन्नवस्त्र वाढलं असतं. तिने पुढे लिहून ठेवलंय की त्या भेटीने तिचं आयुष्य बदललं, आणि १९०४ मध्ये ती खरंच समाजवादी पक्षात गेली. पण मधल्या १८९७ मध्ये तीच बाई पुन्हा मारी आंत्वानेत होऊन डेव्हनशर हाऊसच्या जिन्यावर उभी आहे. ब्लॅचफर्डचं ऐकून झालेलं आहे आणि तरी तो घागरा अंगावर आहे. मला विचारशील तर तुमचं नाटक तिथे आहे, बाकीचे सहाशे नव्व्याण्णव पाहुणे पार्श्वभूमीला राहू देत.

शिवलं कोणी याबद्दल. अगदी वरचे लोक पॅरिसला वर्थकडे गेले, बाकीचे लंडनमध्ये नाटकाचे कपडे करणाऱ्या नेथन, अलियास यांच्यासारख्यांकडे, काहींनी घरच्या शिवणाऱ्या बायकांकडून करून घेतले. मार्लबरोचा ड्यूक कॅथरीनच्या दरबारातला फ्रेंच राजदूत झाला होता, त्याचा कोट वर्थने केला, वाळल्या गवताच्या फिक्या पिवळ्या रंगाची मखमल, त्यावर चांदीची जर, मोती आणि हिरे. प्रत्येक मोती हाताने टाकलेला, अनेक मुली जवळजवळ महिनाभर त्याच एका कामावर होत्या, आणि बिल झालं पाच हजार फ्रँक. तेव्हाच्या भावाने सुमारे दोनशे पौंड. घरकाम करणाऱ्या मुलीला तिथे वर्षाला वीस पौंड मिळाले तरी पुष्कळ म्हणायचे, म्हणजे एका रात्रीच्या एका कोटात तिची दहा वर्षं. त्या मुलींची नावं कुठे लिहिलेली नाहीत, ड्यूकचं आहे. मी स्वतः खडे टाकायला बसते तेव्हा एका बाहीला किती दिवस जातात मला माहिती आहे, मान आणि डोळे दोन्ही जातात, म्हणून हे वाचून पुढे जाता येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगते कारण ती आपली आहे. ज्या ज्युबिलीसाठी हा थाट, त्याच ज्युबिलीची पार्टी २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये (आजची विद्यापीठाची मुख्य इमारत) होती आणि तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टला गोळ्या घातल्या. रँड मेला ३ जुलैला. म्हणजे लंडनमध्ये तो बॉल संपून लोक पहाटे घरी जात होते तो दिवस. पुण्यात प्लेगने घरं रिकामी झालेली. तुमच्या लेखकाला हे सांग, वापरायचं की नाही तो ठरवेल, पण ठाऊक तरी असू दे.

फोटोंबद्दल एक सावधगिरी. लफायेत कंपनीने बागेत तंबू ठोकून, विजेचे दिवे लावून पाहुण्यांचे फोटो काढले, काहींनी नंतर स्टुडिओत जाऊन काढून घेतले, आणि पुढे त्यातल्या २८६ फोटोंचा अल्बम छापून डचेसला भेट दिला. त्यातले फोटो बघून रंग ठरवू नकोस. तेव्हाच्या काचेवर लाल रंग काळपट उमटायचा आणि निळा फिका, त्यामुळे जो घागरा तुला पांढरा वाटतोय तो आकाशी असू शकतो. आणि कंबर निगेटिव्हवर घासून आणखी बारीक केलेली असते, ते माप खरं धरून अभिनेत्रीला आवळायला जाऊ नका.

आता कामाचं. कॉर्सेट पहिलं. कॉटन ड्रिलचे दोन थर, मध्ये शिलाईचे बोगदे, त्यात हार्डवेअरच्या दुकानातले जाड केबल टाय कापून, टोकं घासून घालायचे, मागे रिंगा मारून नाडी. कंबर फार तर दोन इंच कमी कर, त्याहून नको, तिला संवाद म्हणायचेत. आणि पहिल्या तालमीपासून घालू दे, प्रयोगाच्या दिवशी नवीन कॉर्सेट घातलं की श्वास अर्ध्या वाक्यात संपतो, हे मी एकदा डोळ्यांनी बघितलंय, पोरगी विंगेत येऊन रडली होती आणि चूक माझी होती, तिची नाही.

कापडाला बनारसी ब्रोकेड घेऊ नकोस, मोठी बुट्टी लांबून शालू वाटते. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये साधा टाफेटा बघ, फिका गुलाबी किंवा आकाशी, हातात चुरगळला की कुरकुर आवाज येणारा, तो स्टेजवर चालताना ऐकू येतो आणि छान वाटतो. लेस आणि रिबिनी भुलेश्वरला. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, तेव्हा खर्च पुढच्या बाजूवर आणि बाह्यांवर कर, मागे झुलीत साधं अस्तर चालतं. कमरेखाली दोन्ही बाजूंना कापसाच्या लहान उश्या बांध, पूर्ण पॅनियर नको, १८९७ मध्ये जेवढं होतं तेवढंच. टोप पांढरा, पण टोपाखालून तिच्या स्वतःच्या काळ्या केसांची कुरळी बट कपाळावर येऊ दे आणि दिग्दर्शकाने ती आत खोचायला सांगितली तर भांड त्याच्याशी. प्रेक्षकाला ती बाई कोण आहे आणि कोण बनून आलीय हे दोन्ही त्या एका बटीतून कळतं.

आधी कॉर्सेट शिवून घे, ते घालून छाती, कंबर, कमरेपासून जमिनीपर्यंत पुढून आणि मागून, आणि खांदा ते कंबर अशी मापं घे, बूट घालून बरं का, आणि इथे टाक. चोळीचं बेतून देते.