बाळाची घरघर पुन्हा पुन्हा का होते?

प्रश्न : मुलगी चार महिन्यांची आहे. दोन महिन्यांपासून, सर्दी नसतानाही, श्वास घेताना घरघर होते. स्टेरॉइड दिलं की चार दिवस बरं, बंद केलं की पुन्हा तेच. हनुवटीवर लाल चट्टा आहे. डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे सांगितलाय, नंतर मिरजेला जाऊन सीटी करायचं म्हणतात. एवढ्याशा जिवाला स्कॅन करावं का?
— एक पालक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : चट्ट्याचं आवर्जून लिहिलंत, हे फार बरं केलंत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वारंवार ‘क्रूप’ (संसर्गाने स्वरयंत्राखाली येणारी सूज) होत असेल, तर स्वरयंत्राखाली रक्तवाहिन्यांची गाठ (हिमँजिओमा) आहे का, हे पाहायलाच हवं. हनुवटी-ओठाजवळ चट्टा असेल तर शंका आणखी वाढते. ही गाठ कॅन्सरची नसते. पण तिथे बाळाची श्वासनळी जेमतेम ४-५ मिमी रुंद. चोहोबाजूंनी १ मिमी सूज आली तरी निम्म्याहून अधिक वाट बंद होते. स्टेरॉइडने गाठही तात्पुरती आकसते, त्यामुळे गुण आला म्हणजे क्रूपच, असं धरू नका.

एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन हवेत. मान किंचित मागे, श्वास आत घेताना. बाळ रडताना किंवा मान वाकलेली असताना काढला, तर नळी वाकडी आणि तिच्यामागचा भाग फुगलेला दिसतो. तसा झाला तर पुन्हा काढून घ्या. क्रूपमध्ये नळी दोन्ही बाजूंनी सारखी निमुळती होते, गाठीमुळे बहुधा एकाच बाजूने. एक्स-रे चांगला आला तरी गाठ नाही असं ठरत नाही.

पक्कं निदान श्वासनळीत दुर्बीण घालून पाहिल्यावरच होतं, भूल देऊन. रक्तस्राव होऊ शकतो म्हणून तपासणीसाठी गाठीचा तुकडा सहसा काढत नाहीत. सीटी लागते ती गाठ नळीबाहेर, मानेत-छातीत पसरली आहे का हे पाहण्यासाठी. शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) दिल्यावर गाठ उजळ दिसते. काम काही सेकंदांचं, बऱ्याचदा भुलीशिवाय, बाळाला नुसतं गुंडाळूनही होतं. रेडिएशनचा डोस बाळाच्या वजनानुसार ठेवायला सांगा. एमआरआयमध्ये रेडिएशन नाही, पण बराच वेळ निश्चल राहावं लागतं. अरुंद नळीच्या बाळाला भूलतज्ज्ञाशिवाय झोपेचं औषध पाजू देऊ नका, सेंटर कितीही चांगलं असो.

म्हणजे आधी एक्स-रे, मग दुर्बीण, आणि गरज पडली तरच सीटी. गाठ निघाली तर बहुतेकदा प्रोप्रॅनोलॉल हे गाठ आकसवणारं औषध देतात. ते दूध पाजूनच द्यायचं. बाळ दूध घेत नसेल किंवा उलट्या होत असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा, कारण रक्तातली साखर घसरते.

शांत असतानाही बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढवत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर एक्स-रेची वाट न पाहता १०८ बोलवा.